बुलेटचं हँडल बदलू का? लूकही हवा आणि पाठही दुखते

बदला, पण लूक बघून नको, गाडीवर बसून ठरवा. कोपर जरा वाकलेलं आणि मनगट सरळ राहिलं पाहिजे. पाठ वाकून दुखत असेल तर आधी 20-25 मिमीचे रायझर (हँडल वर उचलणारे ठोकळे) लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

नवीन हँडल घेताना पकडीच्या जागी जाडी 22 मिमी आहे का ते बघा, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना तीच लागते. स्विचच्या आत बारीक पिन असते, तिच्यासाठी हँडलला भोक नसेल तर स्विच फिरत राहतो.

खरी गोची केबलची. उंच हँडलला क्लच, अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि डिस्क ब्रेकचा पाइप अपुरा पडतो. बसवून झालं की गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. रेस आपोआप वाढली तर केबल ताणली जातेय. तशी गाडी घेऊन रस्त्यावर अजिबात जाऊ नका, वळणावर जिवाशी गाठ आहे. स्विच टाकीला घासतोय का तेही तेव्हाच कळतं.

जुनं हँडल भंगारात देऊ नका, परत बसवायची वेळ येऊ शकते. कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने मर्यादा घातल्या आहेत, म्हणून एप हँगर, म्हणजे हात खांद्यापर्यंत वर जातील असं फार उंच हँडल, टाळाच.