टायर बांधायची घाई नको

दादा, नेरुळच्या मैदानावर मुलाचा वेग वाढवायला त्याला टायर बांधून पळवायचं ठरवलंत, उत्साह छान आहे! पण पहिला महिना टायरशिवाय मोकळे स्प्रिंटच (थोड्या अंतराची जोरात धाव) करू द्या. मग स्कूटरचा जुना टायर पुरतो; 40 किलोच्या मुलाला 4 किलोच्या आसपास. मूल कमरेत वाकून रखडत चाललं की वजन जास्त झालं. सगळे इथेच चुकतात. मीही एका पोराला कारचा टायर लावला होता, त्याची धाव बिघडली. सुधारायला फार वेळ गेला.

- 10 ते 20 मीटर, 4-5 फेऱ्या
- मधे दोन मिनिटं पूर्ण विश्रांती. थकलेल्या पायांनी वेग वाढत नाही
- वॉर्मअपनंतर लगेच, मॅच खेळून झाल्यावर नाही

आठवड्यातून दोनदा बास. टायरऐवजी सौम्य चढावर पळवलं तरी चालेल, फक्त पारसिक हिलचा रस्ता नको, गाड्या असतात. टाच किंवा गुडघ्याखाली दुखलं तर थांबा.