तुमचे प्रश्न, त्वचेची उत्तरं : वांग आणि मेडिकलमधली ती ट्यूब

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, माझं वय 38, बारामतीजवळ राहते. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी दोन्ही गालांवर आणि नाकावर वांग आला, सगळ्यांनी सांगितलं बाळ झालं की जाईल, पण आता मुलगी शाळेत जायला लागली तरी तो आहे तिथेच आहे. जायफळ उगाळून लावलं, लिंबू चोळलं, मग मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, तिने पंधरा दिवसांत चेहरा एकदम क्लीन झाला म्हणून लावतच राहिले, दोन वर्षं होत आली. आता एक दिवस जरी नाही लावली तरी चेहरा लालबुंद होतो, आग होते, पुरळ येतं आणि वांग आधीपेक्षा काळा दिसतो, हनुवटीवर लवही वाढलीये. पुण्यातल्या एका क्लिनिकने लेझरचं 6 सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, करू का? हळदीकुंकवाला गेलं की बायका विचारतात, लिव्हर तपासलंस का गं.

उत्तर : ताई, लिव्हरचं आधी मिटवून टाकू. वांगाचा लिव्हरशी काही संबंध नाही, पोटातल्या उष्णतेशीही नाही, त्यामुळे त्या बायकांना सरळ सांगा की डॉक्टरांनी लिव्हर पास केलंय. वांग येतो तो ऊन, हार्मोन्स आणि घराणं या तिघांच्या संगनमताने. तुमच्या आईला किंवा मावशीला होता का आठवून बघा, बहुतेक निघेल कोणीतरी. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, माला-डी किंवा तसल्या कुठल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? असतील तर त्या वांगाला खतपाणी घालतात, गायनॅकशी बोलून दुसरा उपाय बघा, मनानेच बंद करू नका.

आता त्या ट्यूबकडे येऊ, कारण सध्या तुमचा खरा आजार वांग नाही, ट्यूब आहे. ती उलटी करून बारीक अक्षरं वाचा, बहुतेक हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटाझोन अशी तीन नावं सापडतील. हे त्रिकूट मुळात वाईट नाही बरं का, 1975 मध्ये अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी असंच तीन औषधांचं मिश्रण वांगासाठी वापरलं आणि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आम्ही अजूनही लिहून देतो, पण काही आठवड्यांपुरत्या, रात्री, फक्त डागावर आणि पेशंटला पुन्हा बोलावून. आपल्याकडे ती चेहराभर लावायची गोरं होण्याची क्रीम होऊन बसली. मोमेटाझोन हे स्टेरॉइड आहे, पहिल्या पंधरा दिवसांत ते लाली दाबतं, चेहरा उजळतो आणि बाई खूश, मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते आणि बंद केलं की आग. आग झाली की आपण पुन्हा लावतो, म्हणजे व्यसनच की हो. 2018 मध्ये सरकारने चेहऱ्यावर वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असं केलं, पण काउंटरवर काय चालतं ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही.

म्हणून सध्या लेझर अजिबात नको! सुजलेल्या, चिडलेल्या कातडीवर लेझरची उष्णता गेली तर आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ रंगाला डाग उलट गडद होतात. आधी त्वचारोगतज्ज्ञाला गाठा आणि ती ट्यूब सोबत न्या, नाव सांगण्यापेक्षा ट्यूब दाखवलेली बरी. ते ती टप्प्याटप्प्याने सोडवतील, मधल्या काळात दुसरं सौम्य मलम किंवा काही दिवस पोटातलं औषध देतील. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा आणखी बिघडल्यासारखा वाटणार, तिथेच बहुतेक जणी धीर सोडून पुन्हा मेडिकल गाठतात. तुम्ही गाठू नका. लिंबूही बंद, लिंबू लावून उन्हात गेलं की चट्टा उठतो. जायफळ एखादीला चालतं एखादीला झोंबतं, आत्ताच्या तुमच्या चेहऱ्याला तर नकोच.

चेहरा शांत झाला की मग वांगाचे उपचार, आणि त्यात पहिला नंबर सनस्क्रीनचा. कंटाळा येतो ऐकायला, पण वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसतो त्या साध्या उजेडानेही वाढतो आणि साधं सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही. म्हणून किंचित बदामी रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं घ्या, एसपीएफ 30 च्या वर. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या लांबीइतकी क्रीम चेहरा-मानेला लागते, आपण लावतो वाटाण्याएवढी. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. स्कूटीवरचा स्कार्फ चांगलाच आहे पण पातळ ओढणीतून ऊन आत येतं, म्हणून आत सनस्क्रीन हवंच. गॅसची किंवा चुलीची धगही वांगाला मानवत नाही, पण म्हणून भाकऱ्या थापायच्या बंद करा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा एवढंच.

त्याच्या जोडीला अझेलिक अॅसिडसारखं मलम रात्री लावता येतं, ते सौम्य आहे आणि गरोदरपणातही सहसा चालतं, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन मात्र तेव्हा नको. मग लागलंच तर ग्लायकॉलिक किंवा लॅक्टिक अॅसिडचं पील, म्हणजे कातडीचा वरचा पातळ थर औषधाने सोलवणं, तेही आधी दोनेक आठवडे डॉक्टरांनी घरी लावायला दिलेल्या क्रीमने कातडी तयार करून आणि डॉक्टरांच्या हाताने, पार्लरमध्ये नाही. लेझर सगळ्यात शेवटी. त्याने डाग फिके होतात पण थांबवल्यावर बऱ्याच जणींना परत येतात, आणि काहींना पांढरे ठिपके राहतात. पॅकेजचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला एवढंच विचारा, वर्षभरानंतर किती जणींना परत आला? वांग कायमचा घालवतो म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : मला वांगासाठी ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या गोळ्या दिल्यात. माझ्या बहिणीला हीच गोळी पाळीत फार अंगावरून जातं म्हणून दिली होती. डॉक्टरांची चूक तर नाही ना? (वाचक, सांगली)

उत्तर : चूक नाही, गोळी तीच आहे. रक्तस्राव थांबवायचंच औषध ते, 1979 मध्ये जपानमध्ये एका पेशंटला अंगावर पित्त उठतं म्हणून देताना तिचा वांग फिका झाल्याचं लक्षात आलं आणि तिथून ही वाट फुटली. वांगासाठी डोस कमी असतो, साधारण 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, काही महिने. पण पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, घरात कुणाला तरुणपणी झाली असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा सिगारेट असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण मग ही गोळी देत नाहीत. पाळी थोडी कमी जाईल, पोट जरा बिघडेल, त्याला घाबरू नका. पोटरी एकाच पायाची सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर मात्र गोळी बंद आणि लगेच हॉस्पिटल.

प्रश्न : मी पुरुष, 31, नागपुरात डिलिव्हरीचं काम करतो. कपाळावर आणि गालावर काळे चट्टे आलेत. पुरुषांना वांग होतो का? मित्राने गल्फवरून क्रीमची डबी आणलीये, तिच्यावर काही लिहिलेलंच नाही पण रिझल्ट जबरदस्त आहे.

उत्तर : होतो, आणि नागपूरचं ऊन दिवसभर डोक्यावर घेणाऱ्याला तर होणारच. मात्र सगळेच काळे चट्टे वांग नसतात, दाढीचा किंवा केसांचा डाय, अत्तर, सरसोचं तेल यांच्या अॅलर्जीनेही चेहरा असाच काळवंडतो, म्हणून एकदा दाखवून घ्या आणि जाताना काय काय लावता त्याचे मोबाईलवर फोटो काढून न्या.

डबी मात्र आजच बंद. घटक न लिहिलेल्या अशा क्रीममध्ये पारा निघू शकतो, रिझल्ट त्याचाच असतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांना 2021 ते 2023 च्या दरम्यान किडनीतून प्रोटीन जाणारे पेशंट एकामागोमाग दिसले आणि विचारल्यावर त्यातले बरेच जण गोरेपणाची क्रीम लावणारे निघाले. तुमच्या पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल तर प्रोटीनसाठी लघवीची टेस्ट करून घ्या, साधी आणि स्वस्त टेस्ट आहे. फेस नसला तरी डबी काही महिने वापरली असेल तर करा. आणि ती घरात लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, तुमचा टॉवेलही वेगळा ठेवा.