नाथसागरावर पहिल्यांदा येताना

आपण छत्रपती संभाजीनगरहून पैठणला प्रथमच येणार असाल, तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा आणि पहाटेच निघावे. अंतर सुमारे 50 किलोमीटर आहे. गोदावरीवरील जायकवाडी धरणाचा हा जलाशय बराच उथळ असल्यामुळे, पाणी ओसरू लागले की काठच्या चिखलात रोहित पक्षी चोच उलटी धरून अन्न गाळताना दिसतात. दुर्बीण आणावी आणि कपडे मातकट रंगाचे असावेत; माझ्या पहिल्या फेरीत लाल स्वेटरने सारा थवा उठवला होता.

पावसाळ्यात धरणाच्या 27 दरवाज्यांतून विसर्ग सुरू असेल, तर नदीपात्रात मुळीच उतरू नये. उन्हाळ्यातली दुपार नाथमंदिराच्या सावलीत काढावी. फाल्गुन वद्य षष्ठीला मात्र वारकऱ्यांची मोठी गर्दी असते. पक्षीच पाहायचे असतील, तर ती तिथी टाळावी.

पैठणी घेताना पदर उलटून पाहावा. हातमागावरची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच उमटते. मागे सुटे धागे लोंबत असतील, तर ते यंत्रमागाचे काम समजावे.