टीव्हीने बनवलेला बँड खरा मानायचा का?

प्रश्न: ताई, सध्या द मंकीजची गाणी ऐकतोय आणि जाम आवडलीयेत, पण मित्र म्हणतो हा बँडच नव्हता, सिरियलसाठी पोरं गोळा केलेली, वाजवलंय पण दुसऱ्यांनीच. खरंय का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अरे, मित्राचं अर्धं बरोबर आहे. १९६५ मध्ये हॉलिवूडच्या सिनेमावाल्या पेपरांत जाहिरात आली, चार पोरं पाहिजेत म्हणून, चारशेच्या वर आले, त्यातून चौघं निवडले आणि सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एनबीसी चॅनलवर शो सुरू. मिकी डोलेन्झ तर ॲक्टर, ड्रम त्याला शोसाठी शिकायला लागले. डेव्ही जोन्स ब्रॉडवेवरचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकांतला. पण माइक नेस्मिथ आणि पीटर टॉर्क आधीपासूनचे म्युझिशियन, हे मित्र सांगत नसणार! तरी पहिल्या दोन अल्बममध्ये बहुतेक वाजवलंय स्टुडिओतल्या वादकांनी, गाणी कुठली ते शोचं संगीत सांभाळणारा डॉन कर्शनर ठरवणार, यांनी फक्त गायचं.

मला यांच्याबद्दल खरा आदर वाटतो तो पुढच्या भागासाठी. जानेवारी १९६७ मध्ये दुसरा अल्बम यांना न विचारताच बाजारात आला, तो तुफान खपत होता, पैसा येत होता, गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण नेस्मिथ इतका भडकला की हॉटेलमधल्या मीटिंगमध्ये त्याने भिंतीत ठोसा मारला. थोड्याच दिवसांत कर्शनर बाहेर. मग चौघं स्वतः स्टुडिओत बसले आणि मे १९६७ मध्ये 'हेडक्वार्टर्स' आला, त्यात जवळपास सगळं यांनीच वाजवलंय. अमेरिकेत एक नंबरला गेला, पुढच्याच आठवड्यात बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स'ने खाली ढकललं, तरी पुढचे अकरा आठवडे दोन नंबरला टिकून होता.

आणि कर्शनरने पुढे काय केलं माहितीये? कार्टूनमधला बँड धरला, द आर्चीज. त्यांचं 'शुगर, शुगर' १९६९ मध्ये एक नंबर! कार्टून भांडत नाही ना.

आपल्याकडे २००२ मध्ये चॅनल व्हीवरच्या शोमधून विवा हा पोरींचा बँड बनला, त्या पोरींनाही लोक असंच बोलायचे, पण त्यातल्या नेहा भसीन, अनुष्का मनचंदा नंतर स्वतःच्या जोरावर गातच राहिल्या की. कोणी एकत्र आणलं यावरून गाणं खोटं ठरत नाही रे, बिनधास्त ऐक. मित्राला 'हेडक्वार्टर्स'मधलं शेवटचं गाणं लाव, ते मिकीने स्वतः लिहिलंय, आणि त्यातला तो दणदणीत टिंपनी (मोठा नगाऱ्यासारखा ड्रम) पण त्यानेच वाजवलाय.