वाचक विचारतात : घरातली आग आणि बाहेर पडायची वाट

मागच्या अंकात घरातल्या आगीबद्दल प्रश्न मागवले होते आणि खूप पत्रं आली, मेसेज तर विचारूच नका. बहुतेकांनी विचारलंय की आग विझवायची कशी. अग्निशमन दलात नोकरी केलेला माणूस म्हणून मी आधी उलटा प्रश्न विचारतो, घरातली सगळी माणसं बाहेर कशी पडणार? ते ठरलेलं असेल तर विझवायचं नंतर बघता येतं. म्हणून ठाण्याचं पत्र पहिलं घेतोय.

प्रश्न : काका, आम्ही ठाण्याला चौथ्या मजल्यावर राहतो. मुलं लहान आहेत आणि चोऱ्या पण होतात म्हणून सगळ्या खिडक्यांना बॉक्स ग्रील केलंय, गॅलरी पण पॅक केली. रात्री सेफ्टी डोअरला आतून कुलूप असतं. सासरे म्हणतात हे धोक्याचं आहे, मिस्टर म्हणतात काही होत नाही. तुम्ही सांगा.

सासरेबुवांचं बरोबर आहे ताई. मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या.

आगीत माणूस बहुतेक वेळा जळून नाही, धुराने जातो. सोफ्याचा फोम, पडदे, प्लॅस्टिक, फर्निचरचा सनमायका हे पेटलं की जो काळा धूर निघतो त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतला माणूस जागा न होताच बेशुद्ध होतो. बंद फ्लॅटमध्ये हे सगळं काही मिनिटांत होतं. अशा वेळी अंधारात, खोकत, रडणारं मूल कडेवर घेऊन किल्ली शोधायची म्हणजे काय ते तुम्हीच डोळ्यासमोर आणा. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत लोअर परळच्या कमला मिल्समध्ये आग लागली, १४ जण गेले, त्यातले बरेचजण वॉशरूममध्ये गुदमरले होते. जीव वाचवायला म्हणून ते तिकडे शिरले आणि तिथून पुढे वाट नव्हती.

तर करायचं काय. ग्रील काढू नका, मुलं आहेत, मला कळतं. पण प्रत्येक खोलीतल्या एका तरी ग्रीलला उघडणारं झडप करून घ्या, मोठा माणूस बाहेर निघेल एवढं, आणि त्याला आतून कडी. फॅब्रिकेशनवाला एका दिवसात करून देतो. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली तिथेच बाजूला भिंतीवर, मुलांचा हात पोचणार नाही पण तुम्हाला अंधारात चाचपून सापडेल अशी. ती जागा बदलायची नाही. सेफ्टी डोअरला किल्लीचं कुलूप नकोच, आतून नुसत्या हाताने फिरवून उघडणारं लॅच बसवा, चोराला बाहेरून ते उघडत नाही आणि तुम्हाला आतून किल्ली लागत नाही. आणि त्या ग्रीलमध्ये कुंड्या, जुन्या बादल्या, दिवाळीचे कंदील भरून ठेवले असतील तर आजच्या आज काढा, कारण अग्निशमनची शिडी लागली तरी जवान आत येणार त्याच वाटेने.

आता दार उघडायच्या आधीचं. हाताच्या मागच्या बाजूने दाराला हात लावून बघा. गरम लागलं किंवा जिन्यात दाट धूर असेल तर बाहेर पळू नका, दार लावून घ्या, फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीत या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करून मजला आणि फ्लॅट नंबर सांगा. जिना मोकळा असेल तर वाकून, भिंतीला धरून खाली, लिफ्टने अजिबात नाही. परळच्या क्रिस्टल टॉवरला ऑगस्ट २०१८ मध्ये आग लागली, चार जण गेले, पण तिथेच एका दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकवलेलं आठवून आजूबाजूच्या लोकांना ओले कपडे नाकातोंडाशी धरायला लावले. ओल्या कपड्याने धुरातली काजळी अडते, विषारी वायू अडत नाही, त्यामुळे कपडा धरला म्हणून दाट धुरात शिरायचं नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. आणि हे सगळं मुलांकडून एकदा दिवसा करून घ्या, दिवे बंद करून. त्यांना खेळ वाटेल, वाटू दे.

प्रश्न : रात्री किचनमध्ये गॅसचा वास आला तर एक्झॉस्ट फॅन लावायचा का? आमच्याकडे सगळे तेच करतात. (सांगली)

नाही, अजिबात नाही! फॅन नाही, लाइट नाही, मोबाइलचा टॉर्च लावायचा तोही घराबाहेर जाऊन. बटण दाबलं की आत बारीक ठिणगी पडते, एरवी ती कळत पण नाही. आधीपासून लाइट चालू असेल तर तो बंदही करू नका, चालू असलेलं चालू, बंद असलेलं बंद.

सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीवर पसरतो, ओट्याखाली, फ्रिजच्या मागे जाऊन बसतो. म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारं सताड उघडायची. आणि हो, फ्रिजचा कंप्रेसर आपोआप चालू होतो, म्हणून मेन स्विच घराबाहेर मीटरपाशी असेल तर तिथून बंद करा, आत असेल तर हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, तरी वास थांबत नसेल तर रेग्युलेटर काढून सिलेंडरबरोबर दोरीला बांधून येणारी टोपी व्हॉल्ववर घट्ट बसवा, ती त्यासाठीच असते. खूप लोक ती दोरी कापून टोपी फेकून देतात. मग सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि १९०६ ला फोन करा, गॅस गळतीसाठीचा नंबर आहे, चोवीस तास चालतो. वास फार असेल तर टोपीच्या मागे न लागता सरळ बाहेर पडा.

ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे, मुंबई-पुण्याकडे आता बराच झालाय, त्यांचं थोडं वेगळं. तो गॅस हवेपेक्षा हलका, वर छताकडे जातो. तिथे वरच्या खिडक्या उघड्या पाहिजेत, आणि किचनची वरची जाळी धूळ येते म्हणून पुठ्ठा लावून बंद केली असेल तर तो पुठ्ठा काढा.

सिलेंडर घेताना वरच्या कड्याच्या पट्टीवर आतल्या बाजूला ए, बी, सी, डी यातलं अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात ते बघा. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ही त्या सिलेंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत असते, ती उलटून गेलेली असेल तर तो सिलेंडर घेऊ नका, बदलून मागा, तुमचा हक्क आहे. केशरी नळीवर पण तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायचीच, दिसायला चांगली असली तरी. गळती बघायची तर साबणाचा फेस लावून, काडी पेटवून कधीच नाही.

प्रश्न : कढईतल्या तेलाने पेट घेतला तर? (एक गृहिणी, नाशिक)

गॅस बंद, कढईवर झाकण किंवा मोठी परात सरकवा, आणि कढई जागची हलवू नका. गार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही, लवकर उघडलं की परत भडकतं. पाणी ओतलं तर ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं, वाफ झाली की सतराशेपट पसरतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडवतं. पेटलेली कढई घेऊन मोरीकडे धावलेल्या बायका मी हॉस्पिटलात बघितल्यात, म्हणून कळकळीने सांगतोय.

भाजलं तर नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यातलं काहीही नको. वीस मिनिटं लांब वाटतात, तरी करा, मग डॉक्टर.

प्रश्न : आमच्याकडे एसी आणि गीझर एकदम लावला की एमसीबी पडतो. इलेक्ट्रिशियनने १६ अॅम्पिअरचा काढून ३२ चा टाकला, आता पडत नाही. प्रॉब्लेम सुटला ना? (नागपूर)

प्रॉब्लेम सुटला नाही, आता तो दिसेनासा झालाय. एमसीबी तुमच्या एसीसाठी नसतो, तो भिंतीतल्या वायरसाठी असतो. वायर झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला की ती तापते, आणि तापायच्या आत एमसीबीने पडायचं. आता वायर तीच जुनी आणि एमसीबी ३२ चा, म्हणजे आतल्या आत वायर तापत राहणार, वरचं प्लॅस्टिक वितळत जाणार आणि एखाद्या मे महिन्यात दुपारी कूलर, एसी, फ्रिज सगळं चालू असताना लोक म्हणणार शॉर्ट सर्किट झालं. पहिला एमसीबी बरोबर काम करत होता हो.

परवानाधारक वायरमन बोलवा, एसी आणि गीझरला मेन बोर्डपासून वेगवेगळी लाइन ओढून घ्या, ४ स्क्वेअर एमएमची वायर, ज्याचा त्याचा एमसीबी. ते होईपर्यंत जुना १६ चा परत बसवा आणि दोन्ही एकदम लावू नका. बोर्डात ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी नसेल तर तोही बसवा, करंट लिक झाला की तो सप्लाय तोडतो. एक्स्टेंशन बोर्डावर हीटर, इस्त्री, गीझर कधीच नाही. आणि प्लग गरम लागतोय, बोर्ड पिवळा पडलाय, जळका वास येतोय, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी बघून घ्यायचं, रविवारची वाट बघायची नाही.

प्रश्न : मुलगा ई-बाइकची बॅटरी रात्री चार्जिंगला लावतो, घराच्या दाराजवळ. चालतं का? (पिंपरी)

दाराजवळ तर नकोच. लिथियम बॅटरी बिघडून तापायला लागली की आतली उष्णताच पुढचे सेल पेटवत जाते, ते थांबवणं फार अवघड, आणि तुमची एकमेव वाट नेमकी तिथेच. पार्किंगमध्ये पॉइंट घ्या. घरातच करावं लागत असेल तर सगळे जागे असताना, कंपनीच्याच चार्जरने, गॅलरीत फरशीवर, आजूबाजूला कपडे-पुठ्ठे नसतील अशा जागी, ऊन किंवा पाऊस लागणार नाही असं बघून. बाइक चालवून आणली की बॅटरी गार होऊ द्या, मग लावा. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी वापरू नका, सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या.

प्रश्न : आमचं घर मळ्यात आहे, गोठा घराला लागून आणि कडब्याची गंजी गोठ्याला लागून. वरून लाइटची तार गेलीय. गावापासून लांब, गाडी यायला वेळ लागणार. (माण तालुका)

तुमचं पत्र वाचून मला खरंच काळजी वाटली, कारण शहरापेक्षा तुमच्याकडे वेळ कमी आहे. गंजी हलवा, यंदाचा कडबा रचायचाय तेव्हा नवीन जागी रचा, घर-गोठ्यापासून जेवढं लांब जमेल तेवढं आणि तारेखाली तर नाहीच. उन्हाळ्यात तारांना झोळ पडतो, वारं सुटलं की एकमेकींना घासतात आणि ठिणगी खाली कोरड्या कडब्यावर. झोळ दिसला की महावितरणला १९१२ वर तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. कडबा नीट वाळल्याशिवाय रचू नका, ओला रचला तर आतून तापतो.

बांध पेटवायची सवय पण सोडा, निदान फेब्रुवारी ते मे दुपारी तरी नको, वारं कधी फिरेल सांगता येत नाही. गोठ्यात डासांसाठी धुरी करता ना, ती झोपायच्या आधी पाणी टाकून विझवायची, राख हाताला गार लागेपर्यंत. आणि गुरांच्या दाव्याला एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारा किंवा साखळीला हूक लावा, पेटत्या गोठ्यात दावं सोडत बसायला वेळ नसतो. गाठ सुटलीच नाही तर शेवटचा उपाय म्हणून विळा दाराच्या खांबाला टांगून ठेवा, दावं कापायला. पाण्याचं एक बॅरल कायम भरलेलं, दोन बादल्या त्यालाच अडकवलेल्या, आणि मातीचा ढीग.

प्रश्न : सोसायटीत आग विझवायचे लाल सिलेंडर टांगलेत पण कोणी कधी बघत नाही. घरात वेगळा घ्यावा का? (कोथरूड)

घरात घ्या, एबीसी पावडरचा, आयएसआय मार्कवाला, दोन किलोचा पुरतो. किचनमध्ये गॅसच्या बाजूला टांगू नका, आग लागली तर तिथे हात पोचणार नाही, दाराजवळ टांगा. पिन ओढायची, नळी ज्वाळांच्या वर नाही तर बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि इकडून तिकडे फिरवायचं. दोन किलोचा दहा सेकंदांच्या आसपास चालतो, त्यात नाही विझली तर टाकून बाहेर. पाठीमागे दार असलं पाहिजे, आग तुमच्या आणि दाराच्या मध्ये यायला नको. महिन्यातून एकदा काटा हिरव्यात आहे का बघा.

सोसायटीचं म्हणाल तर २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे, त्यानुसार ही यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा तिथे राहणाऱ्यांची, आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासून ‘फॉर्म बी’, म्हणजे यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. कमिटीला तोंडी नको, लेखी पत्र द्या की मागचा फॉर्म बी दाखवा. पुढच्या मीटिंगला जाताना जिन्यातल्या सायकली, चपलांची कपाटं आणि केबलच्या डक्टमध्ये ठेवलेलं झाडूवाल्याचं सामान यांचे फोटो मोबाइलवर काढून न्या, म्हणजे आमच्याकडे असं काही नाही असं कोणाला म्हणता येणार नाही.