वाचकांचे प्रश्न : टोर्नेडोंच्या उद्रेकाची नोंद एकसारखी कशी ठेवावी?

प्रश्न : मी मराठी विकिपीडियावर अमेरिकेतील हवामानविषयक घटनांचे लेख लिहिते. 3 आणि 4 एप्रिल 1974 रोजी झालेल्या टोर्नेडोंच्या उद्रेकात किती माणसे दगावली, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळे मिळते. वेळ, संख्या आणि तीव्रता यांचाही मेळ बसत नाही. सर्व लेखांत एकसारखेपणा आणायचा तर कोणता आकडा खरा धरावा? आणि ‘टोर्नेडो’ला ‘चक्रीवादळ’ म्हटले तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्यासमोर आलेले बहुतेक आकडे चुकीचे नसावेत. ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात आणि काय मोजले, हे सांगायचे मात्र राहून जाते. ओहायो राज्यातील झीनिया या गावाचेच पाहा. 3 एप्रिलच्या टोर्नेडोने तेथे 32 जणांचा बळी घेतला. त्यानंतर तीन दिवसांनी, मदतकार्यासाठी आलेले नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाचे दोन जवान आगीत मृत्युमुखी पडले. त्यामुळे कोठे 32 आढळतात, कोठे 34, आणि दोन्ही आकड्यांना आधार आहे. त्याच उद्रेकातील एक टोर्नेडो सीमेपलीकडे कॅनडातील विंडसर शहरात आला आणि तेथे नऊ जण गेले. बेरीज फक्त अमेरिकेची असेल, तर ते तिच्यात येणार नाहीत. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा थेट मृत्यू आणि अप्रत्यक्ष मृत्यू वेगळे नोंदवते. आपणही मुख्य तक्त्यात थेट मृत्यूच द्यावेत, अप्रत्यक्ष मृत्यू शेजारच्या रकान्यात ठेवावेत आणि बेरीज कोणत्या देशांची आहे, हे प्रत्येक लेखात लिहावे. मेलेल्या माणसांची संख्या लिहिताना एवढी काळजी घेणे मला अत्यावश्यक वाटते.

संख्येचा घोळ याहून अवघड आहे, कारण ‘एक टोर्नेडो’ म्हणजे काय, येथूनच तो सुरू होतो. घटनेनंतर लगेच प्रसिद्ध होणारी प्राथमिक यादी ही प्रत्यक्षदर्शींच्या वृत्तांची यादी असते; एकच टोर्नेडो तीन ठिकाणांहून तिघांनी पाहिला, तर तिच्यात तीन नोंदी पडतात. नंतर पाहणी पथके नुकसानीचा माग काढत जातात तेव्हा खरी संख्या ठरते. अधिकृत नोंदीही काउंटीवार (काउंटी म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारखा विभाग) तुकड्यांनी होत असल्यामुळे, चार काउंट्या ओलांडणाऱ्या टोर्नेडोच्या चार ओळी दिसतात. त्या ओळी मोजून बेरीज केली, तर ती फुगते. राज्यांच्या बेरजेतही हाच धोका आहे. 27 एप्रिल 2011 चा हॅकलबर्ग–फिल कॅम्पबेल टोर्नेडो अलाबामातून टेनेसीत शिरला. दोन्ही राज्यांच्या यादीत तो असणारच, पण एकूण संख्येत तो एकदाच यावा. जुन्या घटनांत तर मूळ नोंदच शंकेची असते. 18 मार्च 1925 रोजी मिसूरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून गेलेल्या टोर्नेडोने 695 बळी घेतले आणि त्याचा मार्ग 219 मैलांचा मानला जाई. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत सलग एकाच टोर्नेडोचा संभाव्य मार्ग 174 मैल ठरला. अशा ठिकाणी दोन्ही आकडे वर्षासह द्यावेत आणि किलोमीटर करताना दशांश जोडू नयेत, कारण मूळ मोजमापात तेवढी अचूकता नव्हतीच.

तीव्रतेच्या बाबतीत आपण नवी श्रेणी जुन्या घटनेला लावू नये. हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी 1971 मध्ये टोर्नेडोची तीव्रता 0 ते 5 अशा पायऱ्यांत सांगणारी एफ श्रेणी मांडली आणि अमेरिकेत 1 फेब्रुवारी 2007 पासून सुधारित ईएफ श्रेणी लागू झाली. म्हणून झीनियाचा टोर्नेडो एफ5 च राहील. 1970 च्या दशकापूर्वीच्या बहुतेक श्रेणी मागाहून वृत्तपत्रांतील वर्णनांवरून दिलेल्या आहेत, हेही तळटीपेत यावे. श्रेणी नुकसानीवरून ठरते, मोजलेल्या वाऱ्यावरून नव्हे. 31 मे 2013 च्या ओक्लाहोमा राज्यातील एल रेनो टोर्नेडोत रडारने प्रचंड वेग टिपल्यामुळे त्याची प्राथमिक ईएफ3 श्रेणी वाढवून ईएफ5 केली गेली, परंतु जमिनीवरील नुकसान तेवढे नसल्याने पुढे ती पुन्हा ईएफ3 करण्यात आली. रडारचा वेग मजकुरात लिहावा, श्रेणीच्या रकान्यात नाही.

वेळेसाठी जागतिक प्रमाणवेळ आणि स्थानिक वेळ अशा दोन्ही वेळा द्याव्यात. झीनियात टोर्नेडो आला तेव्हा स्थानिक घड्याळात दुपारचे सुमारे 4 वाजून 40 मिनिटे झाली होती. त्या वर्षी इंधनटंचाईमुळे जानेवारीतच घड्याळे एक तास पुढे केलेली होती आणि अमेरिकेची टोर्नेडोंची राष्ट्रीय माहितीसूची वर्षभर मध्य प्रमाणवेळ (ओहायोच्या प्रमाणवेळेहून एक तास मागे) वापरते, म्हणून तेथे हाच क्षण 2 वाजून 40 मिनिटे असा येतो. भारतीय वेळेत तो 4 एप्रिलच्या पहाटे पडतो, पण आपण तारीख घटनास्थळाचीच ठेवावी.

उद्रेक कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याची सर्वमान्य व्याख्या नाही. एकाच हवामान प्रणालीतून झालेले अनेक टोर्नेडो, एवढाच साधारण अर्थ आहे. एप्रिल 2011 चा उद्रेक 25 ते 28 तारखांचा धरतात, पण चारही ईएफ5 टोर्नेडो एकट्या 27 तारखेचे आहेत. शीर्षकात तारखांची कक्षा लिहिली, की बळींच्या आणि टोर्नेडोंच्या बेरजांना तीच कक्षा लावणे बंधनकारक ठरते.

‘चक्रीवादळ’ हा शब्द टोर्नेडोला वापरू नये. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि काही दिवस टिकते. टोर्नेडो गडगडाटी ढगातून उतरतो आणि बहुधा काही मिनिटांत विरतो. ‘वावटळ’ हा शब्दही उन्हात उठणाऱ्या धुळीच्या भोवऱ्यासाठी रूढ आहे. ‘टोर्नेडो’ हाच शब्द ठेवावा आणि त्यांच्या समूहाला सर्व लेखांत ‘उद्रेक’ म्हणावे.