जाता जाता राष्ट्राध्यक्ष गुन्हेगारांना माफी देतात, हा न्याय की पक्षपात?

अमेरिकेपुरतं सांगतो. तिथे हा अधिकार घटनेनेच दिलाय: गुन्हा संघीय, म्हणजे राज्याच्या नव्हे तर केंद्राच्या कायद्याखालचा हवा, महाभियोग वगळून, संसदेला विचारायची गरज नाही. म्हणून मग शेवटच्या दिवसांत सह्यांचा सपाटा. क्लिंटननी २० जानेवारी २००१ला, पद सोडायच्या दिवशी, करचुकवेगिरीचा आरोप असलेल्या फरारी मार्क रिचला माफ केलं. त्याच्या घटस्फोटित बायकोने डेमोक्रॅट पक्षाला भरघोस देणग्या दिल्या होत्या! बायडन ‘मुलगा हंटरला माफी नाही’ म्हणत राहिले आणि १ डिसेंबर २०२४ला दिली. पुढे २० जानेवारीला, खुर्ची सोडायच्या काही मिनिटं आधी, भावंडांनाही. त्याच संध्याकाळी ट्रम्पनी कॅपिटॉलवरच्या, म्हणजे संसद भवनावरच्या २०२१च्या हल्ल्यातल्या आपल्या सुमारे १,५०० समर्थकांना माफी दिली. दोन्हीकडे आपला तो बाब्या. बायडननी ३७ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, त्यावर खरा वाद व्हायला हवा होता. चर्चा झाली हंटरचीच.